बर्डीत कॉम्प्युटर घ्यायला जाताय? ठरवायचं ते घरीच ठरवा

कॉलेजच्या ॲडमिशन आटोपल्या की, आणि मग पुन्हा दसरा-दिवाळीला, नागपुरात सीताबर्डीच्या कॉम्प्युटर दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. कोणी भंडाऱ्याहून, गोंदियाहून पोराला हॉस्टेलवर सोडायला आलेलं, कोणी महाल भागातले रिटायर झालेले काका, कोणी मुलीच्या अभ्यासासाठी पहिल्यांदाच मशीन घेणारी आई. काचेचं दार ढकललं की एक तरतरीत मुलगा समोर येतो. "या सर, या मॅडम. बजेट काय आहे?"

या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. निदान लगेच तरी नको. तुम्ही चाळीस हजार म्हणालात की सत्तेचाळीसची मशीन समोर येते, आणि मग चाळीसवाली किती भंगार आहे ते ऐकावं लागतं.

नात्यातल्या, शेजारच्या लोकांबरोबर अशा खरेदीला जाणं माझ्याकडे नेहमीच येतं. माझं निरीक्षण साधं आहे: दुकानात दबाव चालतो, कारण आपण तिथे उभं राहून ठरवत असतो. जो घरून ठरवून आलाय त्याच्याशी विक्रेत्याला फक्त भावावर बोलावं लागतं. म्हणून या लेखातला अर्धा उद्योग दुकानाबाहेरचा आहे.

आधी चिठ्ठी

कागदावर लिहा. मोबाईलमध्ये नको, कागद हातात असला की समोरच्यालाही दिसतो.

पहिली ओळ: मशीन कशासाठी. ऑनलाइन क्लास, टायपिंग, एमएस-सीआयटी, टॅली, बँकेची कामं एवढंच असेल तर आजचा कुठलाही नवा साधा प्रोसेसर (मशीनचा मेंदू) पुरतो. इंजिनिअरिंगची ड्रॉइंग, व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठे गेम असतील तर गोष्ट वेगळी. तिथे कॉलेजच्या सीनियरला विचारा की तो कुठलं सॉफ्टवेअर वापरतो, आणि त्या सॉफ्टवेअरच्या साईटवर काय लागतं ते वाचा.

दुसरी ओळ: किमान काय हवंच. घरच्या कामाला मी असं लिहून देतो: रॅम (चालू कामाची मेमरी) ८ जीबी आणि पुढे वाढवायला रिकामा स्लॉट (जमलं तर सरळ १६), एसएसडी (फाईली साठवायची वेगवान डिस्क) ५१२ जीबी, विंडोज ११, डेस्कटॉप असेल तर फुल एचडी मॉनिटर. जुन्या पद्धतीच्या, हळू चालणाऱ्या हार्ड डिस्कवर विंडोज चालणारी मशीन आता घेऊ नका, कितीही टीबीची असली तरी.

तिसरी ओळ: आकडा. यात यूपीएस, कीबोर्ड, माऊस, सगळं धरून. हा आकडा दुकानात कोणालाही दाखवायचा नाही.

आणि एक सल्ला जो ऐकायला कडू लागतो: पहिल्या फेरीत पोराला सोबत नेऊ नका. विक्रेता दोन मिनिटांत तुमच्याशी बोलणं सोडून त्याच्याशी बोलायला लागतो. "तू गेम खेळतोस ना? मग याच्यात लॅग होईल रे." झालं. आता तुम्हाला दोघांशी घासाघीस करायची आहे.

समोरचा माणूस कोणाचा?

मोठ्या शोरूममध्ये कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट घालून जो उभा असतो, तो बहुतेक वेळा दुकानाचा नसतोच. त्या कंपनीने ठेवलेला प्रमोटर असतो. तो दुसऱ्या कंपनीचं मशीन चांगलं कशाला म्हणेल? शेजारी टेबल टाकून बसलेला फायनान्सवाला कर्ज देणाऱ्या कंपनीचा. वॉरंटीचा प्लॅन विकणाऱ्याला त्या प्लॅनवर इन्सेंटिव्ह. यातला कोणी वाईट माणूस असतो असं नाही. महिनाअखेरीस टार्गेट भरलं नाही तर त्याचं ऐकून घ्यावं लागतं. पण आपण ज्याला "दादा, तुम्हीच सांगा कोणता घेऊ" म्हणतो, तो तटस्थ नाही एवढं डोक्यात असू द्या. सरळ विचारलं तर बरेच जण सांगतातही: "मी याच ब्रँडचा आहे, सर."

"आय-फाईव्ह आहे, सर!"

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

छोट्या दुकानात असेंबल्ड, म्हणजे सुटे पार्ट जोडून बनवलेल्या, मशीनचा भाव विचारला की एका ओळीत उत्तर येतं: "आय-फाईव्ह, आठ जीबी, पाचशे बाराची एसएसडी, मॉनिटरसकट, सोळा हजार." ब्रँडेडच्या निम्म्याहून कमी. ऐकणाऱ्याला वाटतं, शोरूमवाले लुटतात. खरी गोष्ट अशी की 'आय-फाईव्ह' हे इंटेलच्या प्रोसेसरांच्या एका घराण्याचं नाव आहे. पिढी कुठली ते त्यापुढच्या नंबरात असतं. आय५-१२४०० मधला १२ म्हणजे बारावी पिढी. आय५-३४७० मधला ३ म्हणजे तिसरी, आणि तो प्रोसेसर २०१२ सालचा आहे. त्याच्यासोबत येणारा एच६१ मदरबोर्डही (सगळे पार्ट जोडणारा मुख्य बोर्ड) मूळ २०११ च्या जमान्यातला. नव्या कॅबिनेटमध्ये, लाल-निळे लाईट लावून, हा माल आजही विकला जातो.

तो चालत नाही असं नाही, चालतो. पण विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवरच चालते, आणि विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे सुरक्षेचे नियमित अपडेट बंद झालेली मशीन तुम्ही 'नवीन' म्हणून घेताय. दुकानदार म्हणेल, "अकरा टाकून देतो ना भाऊ, सगळं होते." होतं; आडवाटेने टाकता येतं. पण पुढचा एखादा मोठा अपडेट अडला तर निस्तरायचं तुम्हालाच.

इंटेलच्या स्पर्धक एएमडीचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपमध्ये गंमत वेगळी आहे. रायझन ५ ७५२०यू हा नंबर ऐकून सातव्या मालिकेचा ताजा माल वाटतो. त्या मालिकेत पहिला आकडा वर्षाचा, आणि आतली रचना कुठल्या पिढीची ते तिसरा आकडा सांगतो. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे २०१९ मध्ये आलेली झेन २ रचना. ७७३०यू मध्ये तो ३. साध्या कामाला पहिलाही चालेल. पण 'रायझन फाईव्ह' या दोन शब्दांसाठी जास्त पैसे मोजू नका.

तिसरी गोळी म्हणजे "चार जीबी ग्राफिक कार्ड". नाव विचारा. जीटी ७३० असेल तर ते २०१४ चं कार्ड आहे. आज 'गेमिंग' म्हणून त्याला वेगळे पैसे देण्यात अर्थ नाही.

तर करायचं काय? एकच वाक्य पाठ करा: "पूर्ण मॉडेल नंबर लिहून द्या." प्रोसेसरचा, मदरबोर्डचा, रॅम कुठल्या पिढीची (डीडीआर३ की ४ की ५), एसएसडी कुठल्या कंपनीची, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) कोणता. जो लिहून देतो त्याच्याकडे बसा. "अहो, सगळं एक नंबर आहे, डोळे झाकून घेऊन जा" म्हणणाऱ्याकडून चहा प्या आणि उठा.

मशीन चालू करून दाखवायला सांगा. स्टार्टवर राईट क्लिक, सिस्टिम: तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅम दिसते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडलं की मेमरीचे किती स्लॉट वापरात आहेत आणि डिस्क एसएसडी आहे की नाही, तेही कळतं. दोन मिनिटांचं काम आहे. विक्रेत्याला राग आला तर येऊ द्या.

जुनी मशीन घेणं पाप नाही, हेही सांगून टाकतो. मोठ्या ऑफिसांमधून निघालेले नामांकित कंपन्यांचे डेस्कटॉप रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले, म्हणून मिळतात आणि तंग बजेटमध्ये मी ते कित्येकदा सुचवतो. फक्त बिलावर 'रिफर्बिश्ड' लिहिलेलं हवं, पिढी आठवी किंवा त्यापुढची हवी, आणि भाव नव्याचा नको.

घाई

"आज का ही रेट है, सर. उद्या सिस्टिममध्ये बदलून जाईल." "शेवटचा पीस आहे." "एक कस्टमर निघालेत, ते हाच न्यायला येताहेत." घाई लावायची ही नेहमीची वाक्यं. शेवटचा पीस असेलही, पण तोच मॉडेल गावात दुसऱ्या चार दुकानांत असतो. सदर, धरमपेठ, मेडिकल चौक, फोन लावून विचारता येतं. शिवाय 'शेवटचा पीस' म्हणजे पुष्कळदा काउंटरवर महिनोन् महिने चालू ठेवलेला डिस्प्ले पीस. तो घ्यायचाच असेल तर तसं कबूल करून, भाव पाडून घ्या.

मात्र एक घाई सध्या निम्मी खरी आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून, २०२५ च्या अखेरीपासून, रॅम आणि एसएसडीचे भाव खरोखर चढले. त्यामुळे "रॅम महागली" म्हणणारा दुकानदार खोटंच बोलतोय असं धरू नका. त्याला सांगा, "बरोबर आहे, मग आजचा भाव आणि तो किती दिवस चालेल ते कोटेशनवर लिहा." तिथेच मोबाईलवर त्याच पार्टचा भाव बघा. वाढ खरी असेल तर सगळीकडे दिसेल, एकाच दुकानात दिसणार नाही.

"पाचशे टोकन देऊन ठेवा, भाव लॉक करतो" याला नाही म्हणा. द्यायचंच असेल तर पावतीवर मॉडेल, भाव, आणि मशीन न घेतल्यास पैसे परत, हे तिन्ही लिहून घ्या. बहुतेक वेळा एवढं लिहायला सांगितल्यावर टोकनची गरजच संपते.

कोटेशन घ्या आणि बाहेर या

पहिल्या फेरीचा हेतू एवढाच: दोन-तीन दुकानांतून छापील किंवा व्हॉट्सॲपवर कोटेशन. बघा, त्यात 'जीएसटीसह' लिहिलंय का. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे. चाळीस हजार म्हणून सांगितलेला भाव कर वगळून निघाला तर काउंटरवर तो सत्तेचाळीस हजार दोनशे होतो. कार्डाने दिल्यास दोन टक्के वर मागतात का, तेही आधीच विचारा. खोक्यावर एमआरपी छापलेली असेल तर ती सगळे कर धरून असते, आणि तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही.

बाहेर पडणं मात्र आपल्याकडे अवघड जातं. समोरच्याने अर्धा तास दाखवलेलं असतं, थंडा पाजलेला असतो, तो "साहेबांना विचारून येतो" म्हणत दोनदा आत जाऊन आलेला असतो आणि कॅल्क्युलेटर आपल्याकडे वळवून म्हणतो, "बस, याच्या खाली माझ्या हातात काहीच नाही. आता तर घेऊन टाका!" नागपुरी माणसाला अशा वेळी उठणं म्हणजे पंगतीतून उठल्यासारखं वाटतं. पण दाखवणं हे त्याचं काम आहे, उपकार नाही.

उपाय जुना आणि पक्का: निर्णय घेणारा माणूस दुकानाबाहेर ठेवा. "भाऊ, पैसे माझ्या मोठ्या भावाचे आहेत, त्याला कोटेशन दाखवतो." "मुलीच्या कॉलेजात विचारून सांगते." या वाक्याला प्रत्युत्तर नसतं. "फोन लावा ना, मीच बोलतो" असं तो म्हणालाच तर, "तो ड्युटीवर आहे, सात वाजता सुटतो." वाद घालू नका, कारणं देऊ नका. जितकी कारणं द्याल तितकी तो खोडून काढेल, त्याचं ते ट्रेनिंग झालेलं असतं. इंटरचेंज स्टेशन तिथेच आहे, मेट्रोत बसा आणि घरी जाऊन कोटेशनं शेजारी शेजारी ठेवा. संध्याकाळी दुकानातून फोन येतोच, आणि बऱ्याचदा भाव थोडा उतरलेला असतो.

तुम्ही मागितलेला मॉडेल सोडून दुसराच गळ्यात मारत असतील ("तो बंद झाला, त्याच्या खूप कम्प्लेंट येतात") तर एवढंच म्हणा, "आला की कळवा." कम्प्लेंट येणारा मॉडेल कालपर्यंत जाहिरातीत का होता, हा प्रश्न मनात ठेवला तरी चालतो.

हप्त्याचं टेबल

इथे आवाज एकदम गोड होतो. "नो-कॉस्ट ईएमआय आहे, काहीच एक्स्ट्रा नाही."

आकडे मांडून बघा. समजा लॅपटॉपचा रोख भाव ४६,००० सांगितला, आणि हप्त्यावर ४८,०००, महिना ४,००० प्रमाणे बारा हप्ते. प्रोसेसिंग फी ५००, तिच्यावर जीएसटी धरून ५९०. एकूण ४८,५९०. रोखीपेक्षा २,५९० जास्त. कर्ज दर महिन्याला कमी होत जातं, त्यामुळे हे वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास व्याज झालं. सुरुवातीलाच एक-दोन हप्ते कापून घेतले तर दर अजून चढतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, असं रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना सुनावलं होतं. व्याज फीमध्ये नाही तर गमावलेल्या सवलतीत लपलेलं असतं. म्हणून आधी रोख भाव काढून घ्या, पूर्ण घासून, आणि मग हप्त्याचं बोला. उलट क्रमाने गेलात तर रोख भाव कधीच कळत नाही. हप्त्याने घेण्यात गैर काही नाही, दहा टक्के मान्य असतील तर खुशाल घ्या.

आता खरा सावध व्हायचा क्षण. आमच्या ओळखीच्या एक काकू नुसता भाव विचारायला गेल्या होत्या. टेबलवरचा मुलगा म्हणाला, "काकू, फक्त लिमिट बघून देतो, घ्यायचं नाही तर नका घेऊ. आधार नंबर सांगा." मग, "एक ओटीपी आला असेल, वाचा." काकूंनी वाचला. मग दुसरा. मेसेज इंग्रजीत, चष्मा पर्समध्ये. घरी येऊन मुलीने बघितलं तर पहिला ओटीपी क्रेडिट रिपोर्ट (आपल्या कर्जांच्या नोंदींचा अहवाल) तपासायच्या संमतीचा आणि दुसरा कर्जाच्या अर्जाचा. अर्ज रद्द करून घेतला, पण चौकशीची नोंद रिपोर्टमध्ये झालीच. अशा नोंदी थोड्या काळात पुष्कळ झाल्या तर पुढे घराच्या किंवा गाडीच्या कर्जाला आड येऊ शकतात.

तेव्हा नियम: घ्यायचं पक्कं झाल्याशिवाय आधार, पॅन, ओटीपी काही द्यायचं नाही. ओटीपीचा मेसेज आधी स्वतः पूर्ण वाचायचा; तो कशासाठी आहे ते त्यातच लिहिलेलं असतं. आणि सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, एका आकड्यात असतो. "मेलवर येईल नंतर" हे उत्तर चालवून घेऊ नका. कर्जासोबत विमा किंवा ईएमआय कार्डाची फी चिकटवलीये का, ते त्याच कागदात सापडतं. कर्ज डिजिटल पद्धतीने घेतलं असेल तर किमान एक दिवसाचा 'कूलिंग ऑफ' काळ असतो. त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं, प्रोसेसिंग फी मात्र जाऊ शकते.

जोडून येणाऱ्या वस्तू

मशीनवर दुकानाला फार सुटत नाही, सुटतं ते यांच्यावर. म्हणून सौदा झाल्यावर, तुम्ही सैल झालात की, हे सुरू होतं.

अँटिव्हायरस: विंडोजमध्ये डिफेंडर असतोच, फुकट. घरच्या वापराला पुरेसा आहे. "वेगळा टाकला नाही तर वॉरंटी जाते" ही शुद्ध थाप.

ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे): लॅपटॉपसोबत आलेलं कायमचं आहे की एका वर्षाचं, ते खोक्यावर बघा. टायपिंग आणि हिशेबाला लिबरऑफिस फुकट मिळतं. "ओरिजिनल कशाला, मी टाकून देतो" म्हणून जे टाकतात त्यात काय काय सोबत येतं ते कोणी सांगू शकत नाही. ज्या मशीनवर बँकेचं काम करणार तिथे ते नको.

वाढीव वॉरंटी: एकच प्रश्न, "कंपनीची की दुकानाची की तिसऱ्याच कोणाची?" बऱ्याच मोठ्या कंपन्यांची वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत त्यांच्या साईटवरूनही घेता येते, म्हणजे आजच घेतली पाहिजे अशी घाई नाही. पोर लॅपटॉप घेऊन रोज हिंगण्याला कॉलेजला जाणार असेल तर अपघाती नुकसानीचा प्लॅन मी घ्यायला सांगेन. घरात टेबलावर बसणाऱ्या डेस्कटॉपला नाही.

'फ्री' बॅग, माऊस, हेडफोन: "हे नको, तेवढे कमी करा." होतात कमी.

आणि यूपीएस. याला मात्र नाही म्हणू नका, डेस्कटॉप असेल तर. साध्या मशीनला ६०० व्हीए (क्षमतेचा आकडा) पुरतो. त्याचं काम घरभर वीज पुरवणं नसून फाईल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला वेळ देणं आहे. हजार व्हीएचा गळ्यात पडत असेल तर विचारा, कशासाठी.

एक वस्तू घ्याल तरच दुसरी देऊ, अशी अट घालणं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार निर्बंधित व्यापार प्रथेत मोडतं. "अँटिव्हायरसशिवाय या रेटला नाही मिळणार" असं कोणी म्हणालं तर ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा. लिहून कोणी देत नाही, आणि अट तिथेच गळते.

पैसे द्यायच्या आधी

"बिल हवं तर अठरा टक्के वर" हा प्रस्ताव ऐकून घ्या आणि विसरा. बिलाशिवाय वॉरंटीला पुरावा नाही आणि तक्रारीलाही नाही. पक्क्या बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर हवा, दुकानाचा जीएसटी नंबर हवा. क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारं नाव बिलावरच्या फर्मशी जुळतं का ते बघा.

खोका तुमच्यासमोर उघडू द्या, मोबाईलवर शूटिंग सुरू ठेवून. सील शाबूत हवं, खोक्यावरचा आणि मशीनखालचा सिरीयल नंबर एक हवा. नवा लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला की भाषा आणि देश विचारतो. तो थेट डेस्कटॉपवर गेला तर आधी कोणीतरी वापरलाय. सिरीयल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटी कुठल्या तारखेपासून चालू आहे ते तिथेच तपासा. पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून ठिपके शोधा. "घरी जाऊन बघा आरामात" याला भुलू नका.

असेंबल्ड मशीनमध्ये प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते, म्हणून पार्टांचे खोके आणि बिल दोन्ही जपा. जागा अडते म्हणून खोके लगेच रद्दीत देऊ नका.

घरी आल्यावर, आणि हे खास नागपूरसाठी: मे महिन्यात सीपीयूचा डबा खोलीतल्या कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. पंचेचाळीस अंशांत आपल्याला बरं वाटतं, पण ती ओली हवा आणि खसाचा कचरा मशीनच्या पंख्यात जातो.

ऑनलाइन घेत असाल तर

तिथेही हेच खेळ आहेत, फक्त माणसाऐवजी पडदा बोलतो. 'फक्त २ उरले', उलटी धावणारी घड्याळं, न विचारता कार्टमध्ये आलेला प्लॅन, शेवटच्या पानावर उगवलेली फी. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली आहे. तरी पैसे देण्याआधी कार्ट उघडून प्रत्येक ओळ वाचा, आधीच टिक केलेले चौकोन काढा, विक्रेत्याचं नाव बघा आणि परत घेण्याच्या अटीत 'रिटर्न' आहे की फक्त 'रिप्लेसमेंट' ते वाचा.

बिनसलंच तर

घरी आल्यावर नुसतं मन बदललं, तर दुकानदाराने परत घेतलंच पाहिजे असा कायदा नाही. म्हणून तर आधी एवढी खबरदारी. पण माल सदोष निघाला, तर बिलामागे छापलेलं 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य तुमचा हक्क काढून घेत नाही. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा.

पहिल्याच दिवशी दुकानाला लेखी कळवा, व्हॉट्सॲप चालेल, फोटो-व्हिडिओसकट. कंपनीच्या सर्व्हिसकडे तक्रार नोंदवून नंबर घ्या. "दोन दिवसांत करून देतो" वर आठवडे घालवू नका, कारण नवी मशीन बदलून द्यायची कंपन्यांची मुदत छोटी असते आणि ती तुमच्या भिडेखातर थांबत नाही. दाद मिळाली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सोबत बिल, कोटेशन, लेखी निरोपांचे स्क्रीनशॉट आणि खोका उघडतानाचं शूटिंग जोडा, आणि काय हवंय ते नेमकं मागा: मशीन बदलून, की पैसे परत, आणि किती.